हे पत्र कोणत्या फायलीत लावाल?

२१ डिसेंबर १८३३. अमेरिकेच्या सिनेटमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेवरून रान पेटले होते. बँकेच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत डॅनियल वेबस्टर हे मोठे नाव होते. पट्टीचा वक्ता, नामांकित वकील आणि सिनेटचा सभासद. ऐन त्या धामधुमीत त्याने बँकेच्या अध्यक्षाला चार ओळींचे पत्र पाठवले. त्याचा आशय असा होता: माझ्या रिटेनरचे नूतनीकरण नेहमीप्रमाणे झालेले दिसत नाही. बँकेशी माझा संबंध पुढे चालू राहावा अशी इच्छा असेल, तर नेहमीची रक्कम पाठवलेली बरी.

रिटेनर म्हणजे वकिलाला आपल्या बाजूने बांधून ठेवण्यासाठी दिले जाणारे ठरावीक मानधन. वेबस्टर बँकेचा वकील होताच, त्यामुळे वकील म्हणून पैसे मागण्यात गैर काही नाही. पण हा वकील त्याच वेळी त्याच बँकेच्या भवितव्यावर मतदानही करणार होता.

आता हे पत्र तुमच्या हाती आले आहे, समोर तीन फायली आहेत असे समजा: ‘कोर्टाची कामे’, ‘राजकारण’, ‘बँक’. पत्र कुठे लावाल? कुठेही लावले तरी त्याचा दोन-तृतीयांश अर्थ बाहेर राहतो. एखाद्या सार्वजनिक माणसाची खासगी कागदपत्रे जशीच्या तशी, एकत्र का जपायची, याचे उत्तर या अडचणीतच दडलेले आहे. मध्यवर्ती बँक आणि राजकारणी यांच्या वादाच्या बातम्या आपण आजही वाचतो. २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प व्याजदरांवरून फेडरल रिझर्व्हचे प्रमुख जेरोम पॉवेल यांच्यावर उघड टीका करत होते. अशा वादात बाहेर काय बोलले गेले हे वर्तमानपत्रांत सापडते. आत काय चालले होते, ते सापडते कुणाच्या तरी पेटीत.

पेटी कुणाची?

हे पत्र ज्याला गेले तो निकोलस बिडल. जन्म १७८६, गाव फिलाडेल्फिया. पंधराव्या वर्षी प्रिन्स्टनचा पदवीधर, विशीत पॅरिस आणि लंडनच्या अमेरिकी वकिलातींत चिटणीस, मधल्या काळात ग्रीसचा प्रवास. परत आल्यावर वकिलीची सनद, मग १८१० मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विधानसभेत आमदार, पुढे राज्याच्याच सिनेटमध्ये. पंचविशीतल्या या आमदाराने त्या वेळच्या राष्ट्रीय बँकेची सनद वाढवून द्यावी म्हणून भाषण केले होते. सनद काही वाढली नाही. १८१६ मध्ये दुसरी राष्ट्रीय बँक निघाली, १८१९ मध्ये बिडल तिचा संचालक झाला आणि १८२३ मध्ये अध्यक्ष.

महाराष्ट्रात ही वाट अनोळखी नाही. तालुक्याच्या कोर्टात वकिली, मग आमदारकी, मग जिल्हा बँकेचे किंवा नागरी बँकेचे अध्यक्षपद. आपल्या ओळखीत असा एखादा माणूस निघतोच. त्याच्या घरातल्या कपाटात काय असेल, याची कल्पना करत पुढचे वाचा.

खासगी कागदपत्रे म्हणजे नेमके काय?

माणसाने आयुष्यभरात लिहिलेले, त्याला आलेले आणि त्याने जपून ठेवलेले सगळे कागद. पत्रे, रोजनिशी, भाषणांचे कच्चे खर्डे, हिशेबाच्या वह्या, पावत्या, निमंत्रणे, कात्रणे. मराठीत यासाठी फार सुंदर शब्द आहे: दप्तर. शाळेच्या पिशवीने तो पळवला, पण त्याचा जुना अर्थ कागदांचा संग्रह असाच आहे. नाना फडणवीसांचे मेणवलीच्या वाड्यातले दप्तर हे अशा कागदपत्रांचे आपल्याकडचे ठळक उदाहरण. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद कापडात बांधून ठेवतात. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात आणि संग्रह मोजायचा तोही रुमालांत. अमेरिकेत तो फळीवर किती फूट जागा व्यापतो त्यावर मोजतात. कागद एकेक मोजण्याच्या फंदात सहसा कुणी पडत नाही.

सरकारी दप्तर आणि खासगी दप्तर यांत फरक आहे. सरकारी दप्तरात कचेरीने घेतलेला निर्णय असतो, तर खासगी दप्तरात तो निर्णय घेण्याआधीची चलबिचल, दबाव, राग, उसनवारी असते. पण ही रेघ पूर्वी फार पुसट होती. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचे कागदसुद्धा त्यांची खासगी मालमत्ता मानले जात. ते सरकारचे ठरवणारा कायदा १९७८ चा. बिडलच्या काळात बँकेच्या अध्यक्षाचा पत्रव्यवहार घरी जाणे मुळीच वावगे नव्हते.

पत्रव्यवहाराची आणखी एक गंमत ध्यानात ठेवायला हवी. माझ्या पेटीत मला आलेली पत्रे असतात. मी लिहिलेली दुसऱ्याच्या पेटीत असतात. शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असावे आणि आपल्याला एकच बाजू ऐकू यावी, तसे. म्हणून माणसाची गुपिते बऱ्याचदा त्याच्या घरी सापडत नाहीत, ज्याला ती लिहिली त्याच्या घरी सापडतात. वेबस्टरचे पत्र बिडलने जपले म्हणून आपल्याला कळले. बिडलची स्वतःची बाजूही बरीचशी उरली, कारण जाणाऱ्या पत्राची नक्कल वहीत उतरवून ठेवण्याची पद्धत होती. ज्यांनी कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळली आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. बारनिशीत पत्र गेल्याची फक्त नोंद असते. नक्कलवहीत ते अख्खे पत्रच असते.

भांडण काय होते?

दुसरी राष्ट्रीय बँक आजच्या रिझर्व्ह बँकेसारखी पूर्ण सरकारी नव्हती. भांडवल साडेतीन कोटी डॉलर. त्यातला एक पंचमांश हिस्सा सरकारचा, बाकी खासगी भागधारकांचा. पंचवीस संचालकांपैकी पाच राष्ट्राध्यक्ष नेमणार. सरकारचा पैसा ठेवायचा तो याच बँकेत. तिच्या नोटा देशभर चालत आणि लहान बँकांनी भरमसाट नोटा छापू नयेत यावर तिचा वचक असे. गावातल्या एकाच सावकाराकडे ग्रामपंचायतीचा पैसाही ठेवला आहे, आणि बाकीच्या सावकारांनी किती उधारी द्यायची तेही अप्रत्यक्षपणे तोच ठरवतो, असे काहीसे.

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनला हे पटत नव्हते. मूठभर श्रीमंतांच्या हाती एवढी सत्ता नको, असे त्याचे म्हणणे. सनदेची मुदत १८३६ पर्यंत होती, पण बँकेने चार वर्षे आधीच मुदतवाढ मागितली. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, ती दिली आणि १० जुलै १८३२ रोजी जॅक्सनने नकाराधिकार वापरून विधेयक परत पाठवले. त्याच वर्षी तो पुन्हा निवडूनही आला. १८३३ च्या शरदात सरकारचा पैसा बिडलच्या बँकेऐवजी राज्यांतल्या निवडक बँकांत जाऊ लागला. बिडलने कर्जे आखडती घेतली, वसुली कडक केली. बाजारात पैसा मिळेना, व्यापारी हवालदिल झाले.

पेटीने काय सांगितले?

बँकेची उघड भूमिका अशी होती, की सरकारने ठेवी काढल्या, मग आम्हाला हात आखडता घ्यावाच लागणार. यात तथ्य होते. ठेवी गेल्या तर कोणतीही बँक तेच करील.

पण २७ जानेवारी १८३४ रोजी बिडलने बँकेच्या बोस्टन शाखेच्या प्रमुखाला, विल्यम ॲपलटनला, जे लिहिले ते वेगळेच आहे. देशभर लोक सोसत आहेत याचा पुरावा डोळ्यांसमोर आल्याखेरीज काँग्रेसवर कशाचाही परिणाम होणार नाही, असा त्याचा अर्थ. म्हणजे टंचाई हा नाइलाज तर होताच, पण ते हत्यारही होते. पुढच्याच महिन्यात एका मित्राला त्याने कळवले, की रेड इंडियनांची डोकी सोलली आणि न्यायाधीशांना कोंडले म्हणून बँकेलाही आपल्या मनासारखे वाकवता येईल असे या राष्ट्राध्यक्षाला वाटते, पण तो चुकतो आहे. बँकेच्या छापील अहवालात असे वाक्य कधी आले नसते.

मला या पत्रांची दोन कारणांसाठी किंमत वाटते. एक तर ती बिडलच्या विरोधात जातात, तरी त्याने ती ठेवली आणि घरच्यांनीही फाडली नाहीत. पुढे ती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली, १९१९ मध्ये त्यांतली निवडक पत्रे छापून आली, आणि बँकेच्या बाजूने किंवा विरोधात लिहिणाऱ्या प्रत्येकाला या कागदांशी सामना करावा लागला. दुसरे कारण वेबस्टरच्या पत्राचे. ते एकटे असते तर वकिलाच्या थकलेल्या फीची चिठ्ठी म्हणून कुणीही बाजूला ठेवले असते. सिनेटमधल्या चर्चेची बित्तंबातमी देणाऱ्या इतर पत्रांच्या मध्ये, तारखेच्या जागी ते आहे, म्हणून ते बोलते.

क्रम मोडला की अर्थ मोडतो

कागद सांभाळणाऱ्यांच्या शास्त्रात दोन नियम पायाभूत आहेत. पहिला, कुळ: हे कागद कुणाकडून, कोणाच्या हातून इथवर आले याची साखळी तुटू द्यायची नाही. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदी पाहून जमीन कुणाकडून कुणाकडे गेली ते कळते, तसे. दुसरा, मूळ क्रम: मालकाने कागद ज्या क्रमाने, ज्या गठ्ठ्यात ठेवले होते, तसेच ठेवायचे.

पहिला नियम सगळ्यांना लगेच पटतो, पण दुसऱ्यावर लोक अडतात. कागद अस्ताव्यस्त असतील तर विषयवार नीट लावायला काय हरकत आहे?

आजीच्या फडताळात एक कापडी पिशवी सापडली. तिच्यात डॉक्टरांची चिठ्ठी आहे, पाटल्या गहाण टाकल्याची पावती आहे आणि मिरजेच्या रेल्वे प्रवासाचे तिकीट आहे. तुम्ही टापटिपीचे. चिठ्ठी ‘औषधपाणी’मध्ये लावली, पावती ‘दागिने’मध्ये, तिकीट ‘प्रवास’मध्ये. सगळे कागद शाबूत आहेत. पण कुणाच्या तरी दुखण्यासाठी पाटल्या गहाण टाकून आजी मिरजेच्या दवाखान्यात गेली होती, ही गोष्ट मात्र गेली. ती कोणत्याही कागदावर लिहिलेली नव्हती, कागदांच्या शेजारात होती.

गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. ते काम डोंगराएवढे आहे आणि आजही त्याच्यावाचून पान हलत नाही. तरीही अभ्यासक मूळ रुमाल सोडायला जातातच, कारण निवडलेल्या कागदाच्या मागे-पुढे काय होते ते तिथेच दिसते.

बिडलच्या पेटीचीही अशी एक कहाणी आहे, आणि तिचा बँकेशी काहीही संबंध नाही. तरुणपणी, वकिली आणि आमदारकीच्या धबडग्यात, बिडलने लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेची हकीकत लिहून काढली होती. १८०४ ते १८०६ या काळात अमेरिकी खंड ओलांडून पॅसिफिकपर्यंत गेलेली ही मोहीम. राजकारणात गुंतल्यामुळे शेवटचा हात फिरवायला त्याला दुसऱ्याकडे द्यावे लागले. १८१४ मध्ये पुस्तक निघाले तेव्हा त्यावर बिडलचे नावही नव्हते. कामासाठी आणलेल्या मूळ रोजनिश्या त्याने १८१८ मध्ये फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीकडे सोपवल्या. पण सगळ्या नाही. सार्जंट जॉन ऑर्डवे याने मोहिमेत दर दिवशी, एकही खाडा न करता लिहिलेली रोजनिशी मागे राहिली. लुईसची १८०३ ची, ओहायो नदीवरच्या प्रवासाची वहीही राहिली. सुमारे शंभर वर्षे त्या हरवल्या असेच जग समजत होते. १९१३ मध्ये वारस बिडलचे कागद लावायला बसले आणि बँकेच्या पत्रव्यवहाराच्या सोबतीला या दोन्ही वह्या निघाल्या. १९१६ मध्ये त्या छापल्या गेल्या.

समजा वारसांनी फक्त ‘बँकेचे महत्त्वाचे’ तेवढे ठेवून बाकीचे विकले असते. कोण्या एका सार्जंटची मळकी वही कुणी ठेवली असती? पेटी उपसताना कशाचे मोल आहे हे आपल्याला त्या क्षणी माहीत नसते, म्हणून आपण निवड करायची नाही. माझ्या आजोळची वकिली कागदांची एक ट्रंक ‘यात काही नाही’ म्हणून रद्दीत गेली. मी तेव्हा तिथे होतो, आणि मीही काही बोललो नाही. आज तिच्यात काय होते हे सांगणारे कुणी उरलेले नाही.

पण दुसऱ्याची पत्रे वाचणे बरे का?

हा प्रश्न रास्त आहे. पत्र लिहिणाऱ्याने ते आपल्यासाठी लिहिलेले नसते. म्हणून चांगले संग्रहालय कागद घेताना देणाऱ्या घराशी लेखी करार करते. अमुक भाग अमुक वर्षांपर्यंत बंद, घरगुती पत्रे अमुक व्यक्ती हयात असेपर्यंत बंद, असे त्यात लिहिलेले असते. जपणे आणि खुले करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज जाळले तर दोन्ही संपते. आज कुलूपबंद केले तर पन्नास वर्षांनी ठरवता येते.

वकिलाच्या कागदांत अडचण जास्त, कारण गुपित अशिलाचे असते. अशिलाने विश्वासाने सांगितलेले वकिलाने उघड करायचे नाही हे बंधन आपल्या साक्षीच्या कायद्यात आहे, आणि काम संपले म्हणून ते संपत नाही. बँकेच्या कर्जदारांचेही तसेच. अशा फायली वेगळ्या ओळखून बंद ठेवाव्या लागतात. पण सबंध पेटी नष्ट करायला हे कारण पुरेसे नाही. खटल्याच्या फायलीखाली ठेवलेली सभागृहातल्या भाषणाची टिपणे कुणाचे गुपित नसतात.

मालक कोण?

कागद एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा, असे होऊ शकते. तुम्हाला आलेले पत्र वस्तू म्हणून तुमचे. त्यातल्या शब्दांचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, लिहिणाऱ्याचा. भाड्याने आणलेले भांडे घरात असते, पण त्याच्यावर नाव दुसऱ्याचे कोरलेले असते, तसे. भारतात हा हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून दान दिलेली पत्रे संशोधकाला वाचायला मिळतात, तरी ती जशीच्या तशी छापायची तर परवानगी लागू शकते.

आपल्याकडचा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्राच्या सरकारी कागदांपुरता आहे. घरातली पेटी त्यात येत नाही. तिचे काय करायचे ते घरच्यांनीच ठरवायचे. एक बंधन मात्र लक्षात ठेवावे. ऐतिहासिक मोल असलेले हस्तलिखित किंवा कागद ७५ वर्षांहून जुने असतील, तर १९७२ च्या कायद्याने ते पुरावस्तू ठरतात आणि ते खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत.

पत्रात लिहिले म्हणून ते खरे कशावरून?

खरे नसूही शकते. माणूस पत्रात फुशारकी मारतो, धीर देतो, रागाच्या भरात बोलतो. बिडलचे ॲपलटनला लिहिलेले वाक्य वाचून कर्जकपात निव्वळ सूडापोटी झाली असे म्हणणेही घाईचे. ठेवी खरोखरच गेल्या होत्या. अशा वेळी पत्राच्या शेजारी खतावणी ठेवायची. कोणत्या महिन्यात कर्जे किती घटली, ठेवी किती घटल्या, आणि कपात ठेवींपेक्षा पुढे धावली का? इतिहासकार या प्रमाणावर अजून वाद घालतात, आणि तो वाद नुसत्या मतांचा न राहता कागदांच्या आधाराने होतो, कारण दोन्ही प्रकारचे कागद उरले आहेत.

बिडलचा शेवट सुखाचा झाला नाही. १८३६ मध्ये राष्ट्रीय सनद संपली, पेनसिल्व्हेनियाच्या सनदेवर बँक काही वर्षे चालली, १८३९ मध्ये त्याने पद सोडले, १८४१ मध्ये बँक बुडाली. त्याच्यावर खटलाही भरला गेला, पण तो टिकला नाही. १८४४ मध्ये डेलावेअर नदीकाठच्या अँडलुसिया या आपल्या घरी तो वारला. इतकी बदनामी झालेल्या माणसाच्या घरच्यांना कागद जाळून टाकायला पुरेशी कारणे होती.

आपल्या घरची पेटी

मोठ्या नावांचे कागद बहुधा वाचतात. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर मुंबई विधिमंडळात होते. त्यांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पण तालुक्याच्या वकिलाचे, एकदाच निवडून आलेल्या आमदाराचे, जिल्हा बँकेच्या जुन्या संचालकाचे काय? १९७२ च्या दुष्काळात कर्जवसुली थांबवा म्हणून गावोगावहून कुणाला अर्ज आले, कोणत्या सोसायटीला आधी पैसे मिळाले, कुणाचा शब्द चालला, हे बँकेच्या ठरावात एका ओळीत असेल. त्या माणसाच्या कपाटात ते शंभर पोस्टकार्डांत असेल.

अशी पेटी तुमच्या घरात असेल तर आधी तिला हात न लावता फोटो काढा: कोणता गठ्ठा कुठे, कशाने बांधलेला, वर काय लिहिलेले. गठ्ठे सोडलेच तर एका वेळी एकच, आणि पुन्हा तसाच बांधायचा. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. पेटी जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी उशिरा पोहोचेल. एटीएमच्या किंवा फॅक्सच्या गुळगुळीत कागदावरचा मजकूर उडून जातो. त्याची झेरॉक्स आजच काढून त्याच गठ्ठ्यात ठेवा. टाइप केलेल्या पत्रांच्या पातळ कार्बन प्रती फेकू नका, तीच तुमच्या घरची नक्कलवही आहे. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून रद्दी समजू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडी वाचणारी माणसे भेटतात.

फोटोंत किंवा पत्रांत जी नावे ओळखू येत नाहीत त्यांची यादी करा आणि ती घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापुढे घेऊन बसा, दिवाळीची वाट न पाहता, येत्या रविवारीच. ‘बापू म्हणजे कोण?’ एवढे जरी त्यांनी सांगितले, तरी ते पेन्सिलीने, तारीख घालून, वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी त्या गठ्ठ्यात सरकवा.